डिंपलला संघातून वगळल्याबद्दल

मी, यादोराव गणपत कापगते, वय ६६, निवृत्त क्रीडाशिक्षक, राहणार मौजा पिंपळटोला, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डायलिसिस सुरू आहे, पण डोकं शाबूत आहे; डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला घरात कोणी उरलंही नाही.

१. राहतं घर आणि दोन एकर धानाच्या बांध्या मुलगा हिमांशू याला. घर विकलं तरी हरकत नाही. फक्त त्याच्या आईचा, कै. शकुंतलाबाईचा, फोटो आधी भिंतीवरून काढून न्यावा.

२. बेसबॉलचं सामान, म्हणजे सहा बॅट, अकरा ग्लोव्हज, कॅचरचा मास्क आणि चेंडूंची गोणी, शाळेला. कपाटात कुलूपबंद ठेवायचं नाही. एका मुख्याध्यापकांनी तसं ठेवलं होतं, उंदरांनी ग्लोव्हज खाल्ले. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

३. माझी वही, पुढे जो पोरांना शिकवेल त्याला. उन्हाळ्यात तलाव आटला की आम्ही त्याच्या पोटात सराव करायचो आणि गाव पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून बघायचं. वहीत फटक्याबद्दल थोडं आहे, फटक्याआधीच्या सवयींबद्दल जास्त. पिचरच्या तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा. वाईट चेंडू सोडून द्यायला शिका. हुकलात तर बाकावर पोचेपर्यंत विसरा. दहापैकी तीनदा लागला तरी तुम्ही उत्तम. आणि पाळीवर कोण काय बोलतंय तिकडे कान देऊ नका.

४. हे शेवटचं मी स्वतः पाळलं नाही.

२०१२ साली राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याचा मुलींचा संघ मी निवडला. माझी मुलगी डिंपल तेव्हा सोळा वर्षांची. रोज शाळेआधी आंब्याला टांगलेल्या चेंडूवर दोनशे फटके मारायची. तिच्यासारखी नजर मी पुन्हा पाहिली नाही. निवडीच्या दिवशी पाळीवरून गावातला दुर्गाप्रसाद ओरडला, "मास्तर आपल्याच पोरीले नेते, मंग निवड कायले करता?" सगळे हसले. त्या संध्याकाळी मी डिंपलचं नाव खोडून माझ्याच दुसऱ्या विद्यार्थिनीचं, हर्षाचं, लिहिलं. हर्षा चांगली होती. डिंपल तिच्याहून चांगली होती, हे मला माहीत होतं.

डिंपलने एवढंच विचारलं, "बाबा, माहं काय चुकलं?"

मी म्हणालो, "तुही नजर कच्ची आहे."

खरं सांगितलं असतं तर ती भांडली असती, रडली असती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळली असती. मी खोटं बोललो, तिने विश्वास ठेवला. त्यानंतर तिने बॅट हातात धरली नाही. हर्षा खेळाडू कोट्यातून वनरक्षक झाली, नागझिऱ्याला असते. डिंपल लग्न होऊन बिरसीला गेली. माझ्यावर राग धरला असता तर बरं झालं असतं. ती दर दिवाळीला येते, माझ्या पाया पडते.

या दिवाळीत तिची सहा वर्षांची खुशी अंगणात बॅट फिरवत होती. डिंपलने ती काढून घेतली. "ठेव बाई. माही नजर कच्ची, तुही बी तशीच असन." मी तिथेच खाटेवर बसलो होतो. मला माझीच किळस आली.

म्हणून हे कलम हिमांशूने घराच्या कलमाआधी वाचावं, डिंपल आणि खुशी दोघींना समोर बसवून. डिंपल, चूक तुझी नव्हती. मी गावाला घाबरलो.

५. साक्षीला आलेल्या हर्षाने वरचं वाचलं आणि डोळे पुसत म्हणाली, "सर, मरेपर्यंत काऊन थांबता? आताच लावा ना फोन." तिनेच लावून दिला. डिंपलने लगेच उचलला. "बोला बाबा. काय करून राहिले? जेवले का?"

मी जेवलो म्हणालो. यंदा धान किती झाला ते विचारलं आणि फोन ठेवला. कलम ४ कायम ठेवावं.

लिहून ठेवणार: यादोराव गणपत कापगते (सही)

साक्षीदार:
१. हर्षा उमेंद्र लांजेवार (सही)
२. हिरालाल दसाराम गहाणे (सही)

स्थळ: पिंपळटोला
दिनांक: ९ डिसेंबर २०२५