न फुललेली गोळी

कॉटनवुड बेंड, आयडाहो
९ जून २०११

प्रिय आर्डिस,

तू आणि मर्ना, तुम्ही मायलेकी तिकडे बऱ्या असाल. मर्नाचं बाळ आता बसायला लागलं असेल. इकडे यंदा बर्फ फार उशिरा गेलं, मे संपेपर्यंत डोंगराच्या रस्त्याचं फाटक बंदच होतं. तुझ्या घरचे नळ मी हिवाळ्यात बंद करून ठेवले होते, ते परवा उघडले. एकही फुटलेला नाही. मागच्या दाराची बिजागरी बदलली. सफरचंदाला फुलं आली होती, पण एका रात्रीच्या गारठ्यानं सगळी गळाली.

तू माझा फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. म्हणून लिहितोय. हे चौथं पत्र. आधीची तीन पाठवली नाहीत, कारण तिन्हींत नळ आणि हवामान यांच्यापुढे मी गेलोच नाही.

कारखाना मी एप्रिलमध्ये सोडला. तेवीस वर्षं झाली होती. माझं काम काय, ते तू कधी नीट विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. शिकारीची गोळी जनावरात शिरली की पुढून उघडली पाहिजे, अळंबीसारखी फुलली पाहिजे. तशी फुलली तर आत मोठी जखम होते आणि जनावर पन्नास पावलांत पडतं. नाही फुलली, तर सुई आरपार जावी तशी निघून जाते आणि जनावर चालत राहतं. फुलायला वेग लागतो, आणि गोळी लांब जाईल तसा वेग कमी होतो. मग मी काय करायचो, तर काडतुसात दारू कमी भरायची आणि दहा पावलांवरून जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी मारायची. म्हणजे ती पाचशे यार्डांवरून आल्यासारखी हळू शिरते. मग ठोकळा कापून गोळी बाहेर काढायची आणि मोजायची. त्या मोजण्यावरून डब्याच्या पाठीवर एक छोटा तक्ता छापतात: इतका वेग, इतकं अंतर, इथपर्यंत खात्रीनं फुलते. दुकानात उभा राहून माणूस तो तक्ता वाचतो आणि डबा निवडतो. खाली माझी सही नसते, पण तक्ता माझा असतो.

मागच्या ऑगस्टमध्ये तांब्याचा नवा माल आला. जुन्यापेक्षा कडक होता. सेकंदाला अठराशे फूट या वेगानं मी दहा गोळ्या मारल्या, त्यातल्या तीन फुलल्या. बाकीच्या सात मी ठोकळ्यातून काढल्या तेव्हा जशा भरल्या होत्या तशाच होत्या. वेग एकवीसशेवर नेला तेव्हा कुठे सगळ्या फुलल्या. म्हणजे पाचशे यार्ड नव्हे, जेमतेम साडेतीनशे.

मी मालकांकडे गेलो. ब्रँडव्होल्ड म्हणाले, "डबे छापून झालेत, वर्लिन. आणि साडेतीनशेच्या पलीकडे मारतो कोण? बढाया मारणारे. त्यांची तशीही चुकते."

मी हसलो, आर्डिस. माझा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि जेवायला गेलो.

तुझ्या ओरिनला त्यातलेच दोन डबे मी दिले. त्याला काही सांगितलं नाही. मनात म्हटलं, हा दोनशेच्या पलीकडे बंदूकही उचलत नाही. आणि खरंच उचलत नसे. त्याच्या वडिलांनी त्याला तसंच शिकवलं होतं.

नोव्हेंबरातल्या त्या दिवशी ओढ्याच्या पलीकडच्या उतारावर तो एल्क हरणाचा नर उभा होता. सकाळचे नऊ वाजले होते. सहा सहा फाट्यांची शिंगं होती आणि त्याची कूस पूर्ण आमच्याकडे होती. मी अंतर मोजलं, चारशे तीस यार्ड. जवळ जायला आडोसा नव्हता, वारं पडलेलं होतं. ओरिन पोटावर झोपला, सॅकवर बंदूक टेकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझा तक्ता काय म्हणतो रे?"

"पाचशेपर्यंत," मी म्हणालो.

"बघ हं. जनावराला लंगडं करून घरी जायचं नाहीये मला."

"मार की. किती वेळ लावतोस!"

त्यानं मारली. मी दुर्बिणीतून बघत होतो. गोळी खांद्याच्या मागे, बरोबर जिथे लागायला हवी तिथेच लागली. कातडी थरथरलेली मला दिसली. नरानं पाठ जरा आखडली, डोकं वर केलं आणि तो चालत झाडीत गेला, पाणी प्यायला निघाल्यासारखा.

ओरिन उठून बसला. "लागली ना?"

"लागली."

"मग पडला का नाही?"

मला त्याच क्षणी कळलं होतं. त्या सात गोळ्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी म्हणालो, "जरा मागे लागली. पोटात."

त्याचा चेहरा तू पाहिला नाहीस. लहान मुलाला थप्पड बसावी तसा झाला. म्हणाला, "पोटात? माझी?"

पोटात लागलेलं जनावर मैलोन् मैल जातं, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. वर ढग आले होते, दुपारपर्यंत खुणा बर्फाखाली गेल्या असत्या. म्हणून तो लगेच निघाला. मी म्हटलं, माझा गुडघा साथ देणार नाही, मी इथूनच बघतो. तो म्हणाला, "तू बस. घाण मी केलीय, मीच निस्तरतो." फुप्फुसाला लागलीय, असं मी खरं बोललो असतो, तर तासभर थांबून आम्ही दोघंही खाली झाडीत शोधायला गेलो असतो. जनावर जवळच कुठेतरी बसून मेलं असतं. पण तो कुठल्यातरी दुसऱ्याच कळपाच्या खुणांमागे वर वर चढत गेला. पुढचं तुला माहीत आहे. कडा, मोडलेला पाय, दोन दिवसांचं बर्फ.

शोधायला आलेल्यांना मी सांगितलं, नेम चुकला होता. अंत्यसंस्काराच्या दिवशी चर्चच्या स्वयंपाकघरात तू माझा हात धरून विचारलंस, "खात्री नसेल तर तो मारायचा नाही, वर्लिन. त्या दिवशी झालं काय त्याला?" आणि मी तुला म्हणालो, "माणूस आहे, चुकतो." तू एवढंच समजतेस, की मी त्याच्याबरोबर गेलो नाही. तेवढंच असतं तर बरं झालं असतं.

तुझे सासरे मार्चमध्ये गेले, त्याच्या आठवडाभर आधी मी त्यांच्याकडे गेलो होतो. सांगायचं म्हणूनच गेलो होतो. एमेट खिडकीपाशी बसले होते. म्हणाले, "मी त्याला असं शिकवलं नव्हतं. पोटात मारून जनावर हिंडवायचं, असं आमच्या घरात कुणी केलं नाही." मी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं, कॉफी प्यालो आणि परत आलो. ते तेच मनात धरून गेले. आता त्यांना सांगता येणार नाही.

एक जूनला फाटक उघडलं, तेव्हा मी वर गेलो. तो नर सापडला. जिथे गोळी लागली तिथून तीनशे पावलं खाली, एका पडलेल्या झाडाच्या आडोशाला. कोल्ह्या-अस्वलांनी काही ठेवलं नव्हतं, पण छातीचा पिंजरा शाबूत होता. या बाजूच्या फासळीला एक भोक, पलीकडच्या फासळीला एक भोक, समोरासमोर, पेन्सिल जाईल एवढीच. खांद्याच्या मागे. त्याहून चांगला नेम मी आयुष्यात पाहिलेला नाही.

दोन्ही फासळ्या घेऊन मी गावात आलो. वेंडेलच्या दुकानात ते डबे अजून मांडलेले आहेत. मी त्याला म्हटलं, हे खाली उतरव, तक्ता खोटा आहे, ओरिनची चूक नव्हती. त्यानं फासळ्या पाहिल्या. मग काउंटरच्या बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वर्लिन, तू त्याचा दोस्त होतास, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता त्याला शांत राहू दे. माणसाचा नेम चुकतो कधीतरी." हॉटेलात सांगितलं, तिथेही तेच. मी ओरिनच्या चुकीवर पांघरूण घालतोय असं त्यांना वाटतं. मला भला माणूस म्हणतात, आर्डिस. नोव्हेंबरात मी जे बोललो ते आता इतकं पक्कं झालंय, की माझ्याच तोंडून ते पुसलं जात नाही.

ब्रँडव्होल्डना पत्र लिहिलं. उत्तर आलं की पुढच्या छपाईत तक्ता बदलतील. विकले गेलेले डबे परत मागवणार नाहीत.

फासळ्या एका खोक्यात घालून वेगळ्या पाठवतोय. नको असतील तर टाकून दे, पण आधी एकदा मर्नाला दाखव. मला क्षमा कर असं मी लिहिणार नाही. केलीस तरी ती कुठे ठेवू, हे मला कळायचं नाही. घराची किल्ली शेजारी लॉर्नाकडे दिली आहे, यापुढे तीच बघेल. तू इकडे येशील त्या दिवशी मी समोर येणार नाही.

ओरिनचा नेम चुकला नव्हता. हे त्याला तिथेच, तो उठून उभा राहायच्या आत सांगायला हवं होतं.

वर्लिन