नव्या आंब्याच्या दिवशीची मुलाखत

बाई,

मंगळवार, ६ मे २००३. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे. तुमच्या संस्थेच्या खोलीत बसून एका मुलीच्या दाखल्यांची फाइल बांधत होतो. ती बाजूला सारून तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली.

ही मुलगी आपल्या वसतिगृहात राहून दहावी पास झाली. आज अकराला गडचिरोलीत तिची नर्सच्या ट्रेनिंगसाठी मुलाखत होती. तारखा दोन होत्या, २९ एप्रिल आणि ६ मे. मी पुढची घेतली, म्हणजे झेरॉक्सचे तीन संच नीट लावून होतील. संच लावले, प्रत्येक पान दोनदा तपासलं. तिच्या गावाच्या पुजाऱ्याला, गायत्याला, मात्र विचारलं नाही. तुम्ही कुठलीही तारीख ठरवण्याआधी त्याच्या अंगणात जाऊन बसायचात. एकदा मी शिबिराची तारीख परस्पर कळवली होती. तुम्ही भात वाढता वाढता म्हणालात, "तुही वही लय सुंदर हाये रे. पन गावाची वही कोन वाचंल?" मी नववी नापास पोरगा. त्यातली स्तुती तेवढी घेतली आणि जेवलो.

सकाळी सातला तिला न्यायला तिच्या गावी पोचलो तर वाटेवर बांबू आडवा. आज नव्या आंब्याचं पंडुम, गावाचा सण. पूजा होईपर्यंत शीव ओलांडून कोणी जात नाही, येत नाही. बांबूच्या पलीकडे ती उभी आहे, केसांना तेल, पायात नवी चप्पल. मी गायत्याला हात जोडतो.

"आजा, आजच्या दिवस सोडा तिले."

"उद्या ने ना. कोन अडवून राह्यला?"

"उद्या मुलाखत नाई."

"मंग तुह्या साहेबाले सांग, तुमचं पंडुम पुढं ढकला म्हनाव."

मागची माणसं हसली. ती हसली नाही. हळूच म्हणाली, "दादा, खालून येऊ का? तुमी म्हनान तं येतो."

आली असती तर तिच्या घराला दंड बसला असता, आणि त्या गावातून पुन्हा एकही मुलगी आपल्याकडे आली नसती. न येण्यानं तिची जागा जात होती. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही, घड्याळ पाहिलं.  तिनं चप्पल काढून हातात घेतली आणि परत गेली.

गडचिरोलीला फोन केला. जागा भरल्या, पुढच्या वर्षी पाहा म्हणाले. पुढच्या वर्षापर्यंत तिचं लग्न होईल. तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं, हा विचार सकाळपासून करतोय. पण तुम्ही त्या बांबूपाशी आलाच नसता. तुम्ही आधीची तारीख घेतली असती.

हे पत्र वहीतच राहील. आज जो कागद बाहेर जाणार आहे तो वेगळा आहे, संस्थेच्या मुख्य कार्यालयाला जाणारा. त्यावर मी लिहिलंय, "उमेदवार गैरहजर. कारण, घरच्यांचा नकार." खाली सही केली आहे. घरच्यांनी नकार दिला नव्हता, बाई. तिची आई तिच्या मागे डबा घेऊन उभी होती.