बाहेरची कडी

नांदेड, ४ मार्च

चि. सृष्टीस आजीचा आशीर्वाद. वि. वि. फोनवर तू नुसती हो हो म्हणतेस अन् ठेवून देतेस. कागद तरी वाचावा लागंल, म्हणून लिहिते. चौथीपर्यंतची अक्षरं हायत, सांभाळून घे.

तुझ्या बापानं, भागवतनं, मला इथं आणलं त्याला महिना होत आला. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टनं चढते, पोत्यागत. झोपताना उशाशी पेला पालथा घालून त्यावर तांब्या ठेवते, तुला ठाऊक हाय. भूकंपापासनं आमच्या किल्लारीत समदेच ठेवायचे. जमीन हलली की तांब्या पडतो, माणूस सावध होतं. तुझी आई सिंधु हसते. म्हणते, तांब्या पडून फरशी फुटंल. फरशीची लई काळजी बाईला. पण पोरगं मायेनं ठेवून घेतंय, म्हणून ठरवलं, किल्लारीचं घर शेजारच्या रामलिंगला देऊन टाकायचं. आता मरेपर्यंत इथंच.

तिथं लातूरला मेसचं जेवण कसं का असंना, पोटभर खा. लोभ राहू दे.

विठाबाई

लातूर, २ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि. तू कुणाला न सांगता किल्लारीला निघून गेलीस, हे पप्पांकडून कळलं. मागच्या आठवड्यात नांदेडला भूकंपाचा धक्का बसला, पण घरात तुझ्या तांब्याशिवाय काही पडलं नाही म्हणे. मम्मी तांब्यावरून हसली म्हणून तू रुसलीस, असं पप्पा म्हणतात. एवढ्याशा गोष्टीवरून? तू काय लहान बाळ आहेस? पप्पा धड जेवत नाहीयेत. रामलिंगकाकांनाही घर देत नाही म्हणालीस. सुट्टी लागली की मीच तुला न्यायला येते. राग सोड, माझ्यावरची माया तेवढी सोडू नकोस.

तुझी सृष्टी

किल्लारी, ९ एप्रिल

चि. सृष्टीस आशीर्वाद. वि. वि. न्यायला येऊ नको, भेटायला ये.

रुसायला मी काय नवी नवरी हाय? त्या दिवशी तांब्या पडला सकाळी, चहाच्या वक्ताला. गुडघा धरला म्हणून मी पडून होते. मीच ओरडले, पळा. तुझे आईबाप पळाले. पळावंच, मीच शिकवलंय. मी भिंत धरधरून दाराशी गेले, तर दाराला बाहेरून कडी.

लई वेळानं भागवत वर आला. कडी काढताना फोनवर कुणाला तरी सांगत होता, की आम्ही समदे खाली आलो, सुखरूप हाय. मग मी दिसले. म्हणाला, निघताना हात सवयीनं कडीवर गेला. खरंच असंल, खोटं बोलत न्हाई तो. रागानं लावली असती तर भांडले असते. त्याच्या हाताच्या सवयीत मी न्हाई, त्याला काय करू? त्र्याण्णवच्या भूकंपात त्याला पायाला धरून मातीतून ओढला, तवा कडी लावायला दारच उरलं नव्हतं.

बापाला यातलं विचारू नको. जेवण पुरतंच सोडंल अन् सिंधु मला बोल लावंल.

इथं आता तांब्या मांडत न्हाई. हलली तर हलू दे. सुताराला बोलावून दाराची बाहेरची कडी तेवढी उपटून घेतली. कुत्रं आत येऊन बसतं. बसू दे. तू आलीस की हाक मारू नको, दार ढकल.

माया असू दे, थोडी असली तरी चालंल.

तुझी आजी
विठाबाई