टर्बोची फुंकणी आणि राहिलेली भाऊबीज

देवळाली प्रवरा,
गुरुवार

तीर्थस्वरूप मनकर्णाआक्का हिच्या चरणी धाकट्या सूर्यभानचे दंडवत.

इकडे मी, रतनबाई आणि दोन्ही गाई खुशाल आहोत. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टीही निघाली, फक्त डॉक्टरांनी इतक्यात वाचायला मनाई केली आहे, हे निकिताकडून कळलं. भाऊबीजेपासून तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र. ते तुझी सूनच वाचून दाखवणार, तेव्हा माझा आवाज ऐकायचा नाही ही तुझी शपथही मोडायची नाही. (निकिता, सावकाश वाच. कंसातलं सगळं मनातल्या मनात वाचायचं, ते फक्त तुझ्यासाठी आहे. आणि आक्काच्या हाताशी फेकण्यासारखं काही नाही ना, ते आधी बघून घे.)

सगळा दोष माझा, हे आधीच सांगून टाकतो. जुनी डिझेल जीप विकली तिथेच माझी बुद्धी फिरली. ती धूर ओकायची, तिचं मागचं दार दोरीने बांधावं लागायचं, पण दर भाऊबीजेला जामखेडला तुझ्या दारात जाऊन उभी राहायची. कुठलंही तेल ओतलं तरी पचवायची. पण शेजारच्या कल्याणने टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. शोरूममधल्या टायवाल्याने इंजिनाची माहिती तर अशी दिली, की स्थळ सुचवणाऱ्यानेही मुलाची एवढी दिली नसती. एक लिटरचं इंजिन, तीन सिलिंडर, एकशे अठरा घोड्यांची ताकद! तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "एकच लिटर? तेवढं दूध तर आमची म्हस लाथ मारून सांडती." तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

ते एक लिटर पुरतं कसं, हे मी तुला शिंगणापूरला बॉनेट उघडून दाखवलं होतं. नवरात्रात तू आमच्याकडे आली होतीस आणि नव्या गाडीला शनिदेवाच्या पायावर घालायचं म्हणून तूच हट्ट धरलास. दर्शन झाल्यावर मी समजावलं, की टर्बो म्हणजे चुलीची फुंकणी. इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता एक चाक फिरवतो, त्या चाकाच्या जोरावर आत हवा फुंकली जाते आणि जाळ भडकतो. ते चाक मिनिटाला लाखावर फेरे घेतं आणि नुसतं पातळ तेलावर तरंगतं. तू गालावर हात ठेवून म्हणालीस, "माय माय! मंग तिला तेल लई लागत आसंल." लागतं आक्का, पण ठरलेलंच लागतं. मग तुला आणि रतनबाईला उघड्या बॉनेटपाशी सोडून मी रसवंतीवर रस आणायला गेलो. (जन्मभर ऊस लावणारा माणूस रस विकत आणायला गेला. निकिता, ही जागा लक्षात ठेव.)

या गाडीचे लाडही फार. पळवून आणली की लगेच बंद करायची नाही, मिनिटभर जागेवर चालू ठेवायची, म्हणजे फुंकणी गार होते. मला ते मिनिट जड जायचं. उभ्या गाडीत पेट्रोल जाळायचं म्हणजे रिकाम्या पातेल्याखाली गॅस पेटता ठेवायचा, म्हणून मी दारात येताच किल्ली फिरवायचो. रतनबाई म्हणायची, "आवो, पुस्तकात काय लिवलंय ते तर बघा." पण जीप चालवलेल्या माणसाला पुस्तक काय शिकवणार, अशी माझी मिजास.

भाऊबीजेला सकाळीच निघालो. पिशवीत तुझी साडी, डब्यात करंज्या, रतनबाईच्या मांडीवर नारळ. नगर ओलांडलं, चिचोंडी पाटील मागे पडलं आणि गाडीची ताकदच गेली. एकशे अठरातले किती घोडे उतरून गेले कळेना, एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं. मागे निळा धूर असा, की टेम्पोवाला ओरडला, "ओ काका, डास मारायला निगालाय का?" मग शिट्टी वाजली, मग खडखड झाली आणि मग काहीच नाही.

त्याच वेळी जामखेडची एसटी आली. आक्का, कंडक्टरने बेल मारून थांबवलीसुद्धा. रतनबाई पिशवी घेऊन पायरीपर्यंत गेली. "चला की, आक्का वाट बगत आसत्याल." आणि मी म्हणालो, नवी गाडी अशी रस्त्यावर कशी सोडायची? एसटी निघून गेली. मी त्या लोखंडाला सोबत करत बसलो. ओढून नेणाऱ्या गाडीची वाट बघत होतो, पण ऐन दिवाळीत कोण येतंय? दिवेलागणीला निकिताचा फोन आला. आई दिवसभर जेवल्या नाहीत, म्हणाली. शेवटी ताट घेऊन अंगणात गेल्या आणि चंद्राला ओवाळून आल्या.

आक्का, चंद्राला ओवाळतात त्या भाऊ नसलेल्या बायका. तुला भाऊ आहे. बिनडोक आहे, पण आहे. त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही. ती एसटी रोज डोळ्यांसमोरून जाते आणि रोज मी तिच्यात चढत नाही.

दिवाळी संपताच नगरच्या सर्व्हिसवाल्याने इंजिन उघडलं. आत तेलाची काकवी झाली होती आणि फुंकणी तिच्यात रुतून बसली होती. "चुकीचं तेल गेलंय, वॉरंटीत बसत नाही," तो म्हणाला. मी मान खाली घालून सांगितलं, ट्रॅक्टरचं उरलेलं तेल मीच ओतलं. तुलाही तेच सांगतो. चूक माझी झाली आणि उपास तुला घडला. डोळ्यात औषध वेळेवर घालत जा. रडून ते वाहून जाऊ देऊ नकोस, निदान माझ्यापायी तरी.

तुझा,
सूर्यभान

ता. क. आक्का, तुळशीची लग्नं उरकेपर्यंत भाऊबीज चालते. रविवारी आम्ही एसटीने येतोय. ताट तयार ठेव. चंद्राने ओवाळणी टाकली नसेलच, त्याचीही मी टाकीन.

आणखी एक ता. क. (निकिता, आता अगदी मनात वाच. ट्रॅक्टरचं तेल वगैरे काही नव्हतं. सर्व्हिसवाल्याने बोट नाकाशी धरलं आणि म्हणाला, "काका, ह्याला तिळाच्या तेलाचा वास येतोय." तेव्हा रतनबाईने तोंडाला पदर लावला आणि सगळं सांगितलं. मी रसाला गेलो तेव्हा देवाला वाहून उरलेली अर्धी बाटली आक्काने इंजिनात ओतली. झाकणावर तेलाच्या बुधलीचं चित्र असतं, ते बघून तिने तेल घातलं, यात तिचं काय चुकलं? ओतताना हात जोडून म्हणाली म्हणे, "देवा, माज्या भावाला संबाळ." देवाचं तेल म्हटल्यावर रतनबाईलाही नको म्हणवेना. हे आक्काला कधीही कळू देऊ नकोस. ती माझ्यावर रुसली, तर मी जाऊन पाय धरीन. स्वतःवरच रुसली, तर तिची समजूत कोण काढणार? वाचताना एवढा वेळ गप्प का बसलीस असं तिने विचारलं, तर सांग, मामांचं अक्षर लागत नाही.)