गळती

३ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

स्वेटर पोचला आणि अंगाला बरोबर बसला. मी वाळले नाही हे आईने त्यावरूनच ओळखावं.

तुमच्या पद्धतीने बनवलेला थर महिनाभर मोजतेय. आई हे वाचणार, म्हणून तिच्यासाठी: वीज काढून घेतली तरी हा थर तिची दिशा धरून ठेवतो. तो दोन सुपरकंडक्टरांच्या मध्ये बसवून त्याची मेमरी करायची, एवढंच माझं काम. साध्या तापमानाला त्या धरून ठेवण्याची खूण, म्हणजे तुमचा तो फुगीर लूप, यंत्राच्या पडद्यावर हुबेहूब तुमच्या शोधनिबंधातल्यासारखा उमटतो. पण सुपरकंडक्टरसाठी हेलियमने थंड केलं, की चपटा होत होत नुसती रेघ उरते. सात नमुने झाले. माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही काय करत होता, ते सविस्तर कळवा.

लोभ आहेच, सोबत थोडा रागही पाठवा.
तुमची,
खारूताई

११ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

तू लहानपणी रेडिओ दुरुस्त केलास, तेव्हापासून तो बंद आहे. त्यामुळे आधी तारांवरच शंका घे. जोड घासून बघ. थर भाजताना ऑक्सिजन कमी पडला असेल. आमच्याकडे हेलियम कधीच नव्हता, तेव्हा थंडीचं मला विचारू नकोस. माझा विद्यार्थी अजून त्याच थरावर काम करतो, त्याला लिही. त्याचा हात आता माझ्यापेक्षा बरा आहे.

तब्येतीला जप, हट्टाला नको.
तुझा,
बाबा

२ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

थराऐवजी मी बाजारातला साधा, गळका कपॅसिटर जोडला. लूप आला. तुमच्या लूपवर ठेवला तर वेगळा ओळखू येत नाही. बाबा, थर काही धरून ठेवतच नव्हता. त्यातून वीज गळत होती, आणि ती गळतीच लूपचं सोंग घेत होती. थंडीत गळती गोठते, मग सोंग उतरतं.

आमच्या प्रमुख बाई हे लगेच छापायला द्या म्हणतात. तुमचं नाव त्यात कसं लिहू? न लिहावं, तर तुमच्यामागून येणारे फसत राहतील. काय करू ते सांगा. फक्त गप्प राहू नका.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
खारूताई

२९ एप्रिल

चि. खारूताईस आशीर्वाद.

उशीर झाला. उत्तर दिलंत का, असं तुझी आई रोज विचारायची आणि मी हो म्हणायचो.

निबंध पाठवायच्या आठवड्यात मलाही एकदा, थर न घातलेल्या नमुन्यावर, लूप दिसला होता. यंत्र बिघडलंय असं मी स्वतःला सांगितलं, वहीचं पान उलटलं, आणि पुन्हा तपासलं नाही. ती भीती होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

तू छाप. माझं नाव पूर्ण लिही.

परवा माझ्या विद्यार्थ्याला घरी बोलावून सगळं सांगितलं. तुझ्या आईने पाणी दिलं, ते त्याने नुसतंच हातात धरलं. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. एवढंच म्हणाला, "सर, मग मी बारा वर्षं काय मोजलं?"

तुझं पत्र त्याच्यापुढे ठेवलं, आणि तो ते वाचून संपवेपर्यंत स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

लोभ असेल तेवढा असू दे.
तुझा,
बाबा