चिंधी बांधलेला वेल

आई, भर वैशाखात वालाला शेंगा लागल्या. तुझा विश्वास बसणार नाही, म्हणून आधी हेच लिहिलं. कंपनीच्या शेतात, जालन्याच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, गुडघ्याएवढ्या झुडपांना घोसच्या घोस लटकलेत. परवा साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले, माझं तोंडभरून कौतुक केलं. संध्याकाळी घरी आले, कुलूप काढलं, पंखा लावला आणि मग ही बातमी सांगायची कुणाला ते सुचेना. बाबाही गेले आता. इथे मी एकटीच असते.

केदारखेड्याला आपल्या घरामागच्या कुंपणावर तुझा वाल चढायचा. दिवाळी झाली की जांभळी फुलं, मग शेंगा. दरवर्षी एका चांगल्या वेलाला तू जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचीस. तो बियाण्याचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. एकदा मी त्याच्याच शेंगा तोडून ओच्यात घेऊन येते, तर पाठीत असा धपाटा बसतो की शेंगा चुलीपुढे सांडतात. "चिंधी दिसत न्हाई का तुला? बी खाऊन बसलीस तर फुडच्या साली काय खाशीन?" त्या शेंगा मोडल्या की बोटांना उग्र वास लागायचा, साबणानेही जायचा नाही. शाळेत मुली नाक दाबायच्या आणि मी तुझ्यावर चिडायचे.

तू गेलीस ती वैशाखातच. तोंडाची चव गेली होती, पेजसुद्धा उतरत नव्हती, आणि तू मागितलंस काय, तर वालाच्या शेंगा. बाबा जालन्याची मंडई पालथी घालून रिकाम्या पिशवीने परतले. तू त्यांनाच हसलीस. "तुमी बी कमालच करता. ह्या दिवसांत वाल असतो का कधी? मी आपली उगंच बोलून राह्यले." मी तेव्हा शेतकी कॉलेजात शिकत होते. तुझं ते 'असतो का कधी' डोक्यातून गेलंच नाही. पुढे या बियाणं कंपनीत नोकरी लागली आणि मी तुझ्याच वालाचा एका उन्हाळी, बुटक्या वालाशी संकर केला. मग वर्षानुवर्षं एकच काम. उन्हात ज्याची फुलं गळाली ते झाड उपटायचं, ज्याने शेंग धरली त्याचं बी ठेवायचं. यात माझे केस पिकले.

परवा त्या शेंगा घरी आणल्या. तुझ्यासारखीच भाजी केली, जिरं, लसूण, दाण्याचं कूट, सोबत भाकरी. शेंग कोवळी, दोरा नाही, शिजायलाही जल्दी. सगळं बराबर. जेवून झाल्यावर सवयीने बोटं नाकाशी नेली. वास नव्हता. ही भाजी सगळ्यांना आवडेल गं, दुकानदार खूश होतील, पण ती तुझी नाही. इतक्या वर्षांत उपटलेल्या कुठल्या तरी झाडाबरोबर तो वास गेला आणि मला कळलंही नाही. मी ताटावर बसून रडले.

शेताच्या कडेला तुझ्या मूळ वालाची एक ओळ आहे. कंपनीच्या थंड खोलीत जपलेलं तुझं बी मीच तिथे टोकलं होतं, नव्या वाणाशी तुलना करायला. नुसती पानं, फूल एकही नाही. तू म्हणायचीस तसा तो थंडीची वाट पाहतोय. तुलना झाली, आता ती ओळ काढायची. काल सकाळी मजूर बायका विळे घेऊन आल्या, त्याआधी मी माझ्या ओढणीची पट्टी फाडून एका वेलाला बांधून ठेवली. पुढची बाई थबकली. "बियाचा हाय व्हय, ताई? मंग न्हाई हात लावत." बाकीचे वेल गेले, हा राहिला. साहेबांनी विचारलं तर मी म्हणाले, अजून थोडी तुलना बाकी आहे.

कसली तुलना, आई. दिवाळीनंतर त्याला शेंगा येतील, आणि चिंधी तर मीच बांधून बसलेय. तरी एक शेंग मी तोडणार आहे. धपाटा घालायला कुणी नाही.