तिसऱ्या हाकेशिवाय ओ नाही

वाशी, रविवार, १५ मार्च १९८७

रा. रा. अरविंदराव यांस दिलीपचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमची नागपूरला बदली झाली त्याला महिना होत आला. तिकडचं ऊन, खानावळीचं जेवण आणि तुमचं पित्त यांचं एव्हाना आपसात जमलं असेल अशी आशा करतो. इकडे सर्व खुशाल. सरोजिनी आपल्या दादाची, म्हणजे तुमची, रोज आठवण काढते (बहुधा माझं काही चुकलं की). पत्राला तसं कारण नाही, सहज लिहायला बसलो.

तुमचा तो गुहेतला खेळ आठवला, बोटीवर नोकरीला असलेल्या मित्राने परदेशातून आणून दिलेला: आम्ही एकेक पात्र व्हायचं, तुम्ही गोष्ट सांगायची आणि पुढे काय होतं ते फाशाने ठरवायचं. जाताना तुम्ही खोका, नियमांचं पुस्तक आणि तो वीस तोंडांचा फासा घेऊन गेलात. योग्यच केलंत, वस्तू तुमची. पण पहिल्या रविवारी तुम्ही मला आणि शेजारच्या पोपटरावांना एकेक छापील कागद दिला होतात, तो आठवतो का? पात्राचं नाव, वय, अंगचं बळ, आणि खाली स्वतःच्या मनाने निवडायचं एक कौशल्य. आता मी पावणे गावच्या कारखान्यात सतरा वर्षं टाइमकीपर, कामगारांची हजेरी मांडणारा. छापील कागद समोर आला की त्यावर खोटं लिहायला माझा हात वळत नाही. मी स्वतःचं नाव, वय, पत्ता लिहिला, खाली कार्बन घातला आणि सही ठोकली. माझं पाहून पोपटरावांनीही तेच केलं. तुम्ही हसून म्हणालात, ‘‘अहो दिलीपराव, टोपणनाव घ्यायचं असतं!’’ तेव्हाच खोडायला हवं होतं.

कौशल्यासाठी तुम्ही तलवार सुचवलीत, कुलपं उघडणं सुचवलंत. पोपटरावांनी लिहिलं, ‘कोणाच्याही हाकेला धावून जाणे’ (सोसायटीत कुणाचा नळ गळला तरी हा माणूस हजर). मी लिहिलं, ‘तिसऱ्या हाकेशिवाय ओ न देणे’. आमच्या राजापूरच्या आत्याची शिकवण. ‘ते’ (त्याचं नाव घ्यायचं नसतं) माणसाच्या आवाजात हाक मारतं, पण दोनदाच. तिसरी हाक त्याला येत नाही. सरोजिनीला कागद दिलात तर ती म्हणाली, ‘‘एक सिलिंडर दीड महिना पुरवते, हे कौशल्य कमी आहे का?’’ आणि कागदावर शेंगदाणे निवडायला घेतले.

पुढचं तुमच्याच तोंडचं आहे. गुहेत अंधारातून हाक आली. पोपटरावांनी पहिल्या हाकेलाच ओ दिली, फासा टाकला, एक पडला, म्हणजे सगळ्यात वाईट दान. तुम्ही म्हणालात, ‘‘पोपटराव आत गेले. परत आले नाहीत.’’ मग माझ्या नावाने दोन हाका झाल्या, मी ओ दिली नाही, आणि तुम्ही पुस्तक मिटून म्हणालात, पुढच्या रविवारी बघू. पुढच्या रविवारी तुम्ही नागपूरच्या गाडीत होतात. म्हणजे रीतसर पाहिलं तर दिलीप अजून गुहेत उभा आहे.

तेव्हापासून पोपटराव भर दुपारी गॅलरीत बसल्या बसल्या ‘‘ओ, आलो!’’ म्हणतात. कुणी हाक मारलेली नसते. जिना उतरतात, खाडीच्या बाजूला बघत उभे राहतात आणि वर येऊन विचारतात, ‘‘आपन कशाला गेलतो हो खाली?’’ आम्ही दोघं हसतो. पण परवा दुपारी जिन्यातून सरोजिनीने मला हाक मारली, ‘‘अहो!’’ आणि पुन्हा, ‘‘अहो!’’ त्या वेळी सरोजिनी माझ्यासमोर बसून गवार मोडत होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिसरी हाक आली नाही. मला भीतीबिती वाटत नाही, फक्त परवापासून जेवण जात नाही.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
दिलीप

ता. क. आता खरं लिहितो. फासा टाका आणि तुमच्याजवळच्या माझ्या कागदावर ‘दिलीप बाहेर आला’ असं लिहून सही करा. दान वाईट पडलं तरी तसंच लिहा. सतरा वर्षांत कुणाला खोटी हजेरी लावून दिली नाही, ती आज तुमच्याकडे मागतो आहे. जमल्यास पोपटरावांचंही बघा.

ता. क. २. पत्राची घडी घालतो तोच खालून तुमचा आवाज आला, ‘‘सरू!’’ तुम्ही कळवल्याशिवाय येणारे नव्हेत. मी म्हटलं, तीन हाका होऊ देत. ती म्हणाली, ‘‘माझ्या दादाच्या हाका मोजत बसू?’’ आणि ‘‘आले रे दादा!’’ म्हणत गेली. तिच्या चपला इथेच आहेत.

ता. क. ३. अर्धा तास झाला. गॅसवरचा चहा आटून भांडं करपलं, मी बंद केला. आता खालून तिचा आवाज येतो आहे. ‘‘अहो!’’ झालं. पुन्हा ‘‘अहो!’’ झालं. अरविंदराव, बावीस वर्षांच्या संसारात तुमच्या बहिणीने मला तिसरी हाक कधी मारलेलीच नाही. दुसरीला आलो नाही की ती स्वतः येते. ती आली नाही. माझ्या कार्बनप्रतीवरचं ते कौशल्य मी खोडलं आहे, शेजारी सही केली आहे आणि ओ दिली आहे. पत्र पोपटरावांच्या खिशात घालून उतरतो, खाली जाताना त्यांना टपालपेटी लागते. फासा दोनदा टाका. सरूच्या नावाने आधी.